स्तन्यपुरवठा

प्रसूतीनंतर मातेच्या स्तनांत तयार होऊन बाळाला मिळणाऱ्या दुधाचे प्रमाण व त्यातील सातत्य यांस स्तन्यपुरवठा असे म्हणतात. बोलीभाषेत यालाच अंगावरचे दूध पुरणे किंवा न पुरणे असे म्हटले जाते. दूध किती तयार होईल हे मुख्यतः स्तनांतून ते किती वेळा आणि किती चांगल्या प्रकारे बाहेर पडते यावर ठरते. बाळ जितके पिते, तितके शरीर पुन्हा निर्माण करते. दूध स्तनांतच साचून राहिले, तर निर्मिती मंदावते.

‘दूध पुरत नाही’ ही शंका हे स्तनपान लवकर थांबण्याचे जगभर आढळणारे एक प्रमुख कारण आहे. बहुतेक मातांच्या शरीरात बाळाला पुरेल इतके दूध निर्माण करण्याची क्षमता असते. परंतु शंकेपोटी वरचे दूध सुरू केले, की बाळ अंगावर कमी पिऊ लागते आणि पुढे दूध खरोखरच कमी होते. याउलट, काही मातांमध्ये वैद्यकीय कारणांमुळे खरी कमतरता असते आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास बाळाचे वजन घटते. म्हणूनच शंका आणि खरी कमतरता यांतील फरक ओळखणे या विषयात सर्वांत महत्त्वाचे ठरते.

संज्ञा आणि परंपरा

मातेच्या दुधाला संस्कृतात ‘स्तन्य’ हा शब्द आहे. आयुर्वेदात स्तन्य हा रसधातूचा उपधातू मानला जातो. चरकसंहितेत ‘स्तन्यजनन’ म्हणजे दूध वाढवणाऱ्या दहा द्रव्यांचा स्वतंत्र गण दिला असून त्यात शालि, षष्टिक, दर्भ, कुश, काश इत्यादी वनस्पतींच्या मुळांचा समावेश आहे. सुश्रुतसंहितेत क्रोध, शोक आणि अपत्याविषयी वात्सल्याचा अभाव यांमुळे दूध नाहीसे होते, असे सांगितले आहे. मनःस्थितीचा दुधाच्या प्रवाहाशी असलेला संबंध प्राचीन काळीही लक्षात आला होता, हे यावरून दिसते.

मराठीत दूध वाहू लागण्याला ‘पान्हा फुटणे’ म्हणतात. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दाट, पिवळसर दुधाला ‘चीक’ हा शब्द आहे. गाईम्हशींच्या चिकाचा खरवस महाराष्ट्रात आवडीने खाल्ला जातो. बाळंतिणीचा चीक मात्र जड किंवा अशुद्ध समजून पिळून टाकण्याची चाल अनेक ठिकाणी होती. वैद्यकीय दृष्ट्या ही चाल हानिकारक आहे.

शरीरक्रिया

दूध स्तनांतील दुग्धकोष्ठिका नावाच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये तयार होते आणि दुग्धनलिकांतून स्तनाग्राकडे येते. गरोदरपणाच्या मध्यापासूनच स्तनांत थोडा चीक तयार होऊ लागतो. परंतु वारेतून स्रवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे पूर्ण निर्मिती रोखलेली असते. प्रसूतीनंतर वार बाहेर पडली, की प्रोजेस्टेरॉनची पातळी झपाट्याने उतरते आणि साधारणपणे दोन ते चार दिवसांत दूध ‘भरून येते’. शस्त्रक्रियेने झालेली प्रसूती, मातेचा मधुमेह, स्थूलता किंवा दीर्घ व कष्टप्रद प्रसूती यांमुळे हा टप्पा काहीसा लांबू शकतो.

त्यानंतरच्या निर्मितीवर तीन गोष्टींचे नियंत्रण असते.

प्रोलॅक्टिन : मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीच्या पुढील भागातून हे संप्रेरक स्रवते. बाळाने स्तन चोखताच त्याची पातळी वाढते आणि दूधनिर्मितीला चालना मिळते. रात्री प्रोलॅक्टिनची पातळी अधिक असते.

ऑक्सिटोसिन : हे संप्रेरक पिट्युइटरीच्या मागील भागातून स्रवते. त्याच्या प्रभावाने दुग्धकोष्ठिकांभोवतीच्या स्नायुपेशी आकुंचन पावतात आणि दूध नलिकांत ढकलले जाते. पान्हा फुटतो तो यामुळेच. बाळाचा स्पर्श, गंध किंवा रडण्याचा आवाज यांनीही ऑक्सिटोसिन स्रवू शकते. तीव्र वेदना, भीती किंवा मानसिक ताण यांमुळे ते तात्पुरते अडते. अशा वेळी स्तनांत दूध असूनही ते सहजपणे उतरत नाही.

स्थानिक नियंत्रण : स्तनांत दूध साचून राहिल्यास त्यातील काही घटक आणि साचलेल्या दुधाचा दाब पेशींना निर्मिती कमी करण्याचा संकेत देतात. हे नियंत्रण प्रत्येक स्तनात स्वतंत्रपणे चालते. म्हणूनच बाळ एकाच बाजूला अधिक पीत असेल, तर त्या बाजूचे दूध टिकते आणि दुसऱ्या बाजूचे हळूहळू आटते.

स्तनांच्या बाह्य आकारावरून दूधनिर्मितीची क्षमता ठरत नाही. आकार मुख्यतः मेदावर अवलंबून असतो. एका वेळी किती दूध साठून राहू शकते, ही क्षमता मात्र स्त्रीपरत्वे बदलते. साठवणक्षमता कमी असलेल्या मातेचे बाळ अधिक वेळा पिते. परंतु दिवसभरात त्याला मिळणारे एकूण दूध पुरेसे असू शकते.

दुधाचे टप्पे आणि प्रमाण

पहिल्या २४ तासांत बाळाला एका वेळी साधारण २ ते १० मिलिलिटर चीक मिळतो. नवजात बाळाची पिण्याची क्षमताही तेवढीच असल्याने हे प्रमाण पुरेसे असते. चिकात संसर्गाविरुद्ध संरक्षण देणारी प्रतिपिंडे भरपूर असतात. चौथ्या दिवसापर्यंत हे प्रमाण एका वेळी ३० ते ६० मिलिलिटरपर्यंत वाढते. पहिल्या महिन्यानंतर सहाव्या महिन्यापर्यंत केवळ अंगावर पिणारे बाळ दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिलिलिटर दूध पिते. निरोगी बाळांमध्येही या प्रमाणात मोठी तफावत आढळते.

पुरवठा टिकवण्याचे उपाय

पहिला तास : जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत बाळाला मातेच्या उघड्या छातीवर ठेवून स्तनपान सुरू करावे, अशी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची शिफारस आहे. पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध आणि त्यानंतर पूरक आहारासह दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान, असेही या संस्था सांगतात.

वारंवारता : सुरुवातीच्या आठवड्यांत २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणे आवश्यक असते. घड्याळाच्या वेळेपेक्षा बाळाच्या खुणांकडे लक्ष द्यावे. तोंड उघडून मान वळवणे, हात तोंडाकडे नेणे, ओठ चाटणे या भुकेच्या खुणा होत. रडणे ही त्यांपैकी शेवटची खूण आहे. पहिल्या दिवसांत फार झोपाळू असलेल्या बाळाला जागे करून पाजावे लागते.

पकड : बाळाने केवळ स्तनाग्र न धरता त्याभोवतीच्या काळसर वलयाचा मोठा भाग तोंडात घ्यावा. त्याचे तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी स्तनाला टेकलेली असावी. पकड उथळ असेल, तर मातेला दुखते, स्तनाग्रांना भेगा पडतात आणि बाळाला पुरेसे दूध ओढता येत नाही. वरवर ‘दूध कमी’ वाटणाऱ्या अनेक प्रसंगांचे मूळ पकडीत असते आणि पकड सुधारताच तक्रार दूर होते.

दोन्ही बाजू : एका बाजूला बाळ स्वतःहून थांबेपर्यंत पाजून मग दुसरी बाजू द्यावी. पुढच्या वेळी आधीच्या वेळी शेवटी दिलेल्या किंवा न दिलेल्या बाजूने सुरुवात करावी. बाळ चोखता चोखता गुंगू लागल्यास स्तन हलकेच दाबल्याने प्रवाह वाढतो व ते पुन्हा पिऊ लागते.

रात्रीचे पाजणे : सुरुवातीच्या महिन्यांत रात्रीचे पाजणे पूर्णपणे बंद केल्यास पुरवठा घटू शकतो. बाळाला मातेच्याच खोलीत, परंतु वेगळ्या सुरक्षित जागी झोपवल्यास हे सोयीचे होते.

विलगीकरणात दूध काढणे : अपुऱ्या दिवसांचे किंवा आजारी बाळ अतिदक्षता कक्षात असेल, तर प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढण्यास सुरुवात करावी आणि दिवसरात्र मिळून सुमारे आठ वेळा ते काढत राहावे. बाळाची प्रकृती स्थिर असल्यास त्याला कांगारूप्रमाणे त्वचेला त्वचा लावून छातीवर ठेवल्यानेही दुधाला चालना मिळते. चोखता न येणाऱ्या बाळाला काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने देता येते.

स्तन घट्ट होऊन ठणकू लागल्यास पाजणे थांबवू नये. पाजल्यानंतर थंड कापडाच्या घड्या ठेवल्याने आराम पडतो. जोराने चोळणे टाळावे. स्तनावर लाल, दुखरा भाग दिसून ताप व अंगदुखी सुरू झाल्यास तो स्तनदाह असू शकतो. त्यासाठी वैद्यकीय उपचार घ्यावे लागतात. परंतु त्या काळातही सामान्यतः स्तनपान चालू ठेवता येते.

दूध पुरत असल्याची लक्षणे

अंगावर पिणाऱ्या बाळाने किती दूध घेतले हे डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे पुढील लक्षणांवरून अंदाज घेतला जातो.

• पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते. ही घट जन्मवजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. साधारण १० ते १४ दिवसांत बाळ पुन्हा जन्मवजन गाठते आणि त्यानंतर वजन नियमित वाढते.
• पाचव्या दिवसानंतर बाळ २४ तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करते व तिचा रंग फिकट असतो.
• पहिल्या दिवसांतील काळी, चिकट शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी होते.
• पिताना दूध गिळण्याचा आवाज किंवा हालचाल जाणवते आणि पिऊन झाल्यावर बाळाच्या आवळलेल्या मुठी सैलावतात.

या सर्वांत वजनाची वाढ हा सर्वांत विश्वसनीय निकष आहे.

शंका निर्माण करणाऱ्या स्वाभाविक गोष्टी

काही पूर्णपणे स्वाभाविक बदलांवरून दूध आटले, असा निष्कर्ष काढला जातो. सुमारे सहा आठवड्यांनंतर स्तन पूर्वीसारखे भरलेले व घट्ट वाटत नाहीत. याचा अर्थ निर्मिती बाळाच्या गरजेशी जुळली, असा असतो. संध्याकाळच्या वेळी अनेक बाळे थोड्या थोड्या वेळाने प्यायला मागतात व किरकिरतात. वाढीच्या वेगाच्या काळातही बाळ काही दिवस सतत अंगावर राहते. अशा वेळी वारंवार पाजल्याने पुरवठा गरजेनुसार वाढतो. वरचे दूध दिल्यास हा संकेत शरीरापर्यंत पोहोचत नाही. हाताने किंवा पंपाने थोडेच दूध निघाले म्हणजे बाळालाही तेवढेच मिळते, असेही नाही, कारण चांगले पिणारे बाळ पंपापेक्षा अधिक परिणामकारकपणे दूध ओढते. बाटलीतले दूध बाळ घटाघटा पिते, यावरूनही ते उपाशी होते असे सिद्ध होत नाही. चोखणे ही बाळाची उपजत प्रेरणा आहे.

या काळात घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे बोलणे निर्णायक ठरते. ‘तुझ्या दुधाने याचे पोट भरत नाही’ यासारख्या शेऱ्याने बाळंतिणीचा आत्मविश्वास खचतो. तर रात्री बाळ सांभाळणे, तिला वेळेवर जेवू घालणे, घरकामातून मोकळीक देणे यांमुळे तिला पाजण्यास स्वस्थता मिळते.

खरी कमतरता

पुढील कारणांमुळे दूध खरोखर कमी येऊ शकते.

• वारेचा तुकडा गर्भाशयात राहणे
• प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव होऊन पिट्युइटरी ग्रंथीला इजा पोहोचणे. या विकारास शीहान सिंड्रोम म्हणतात
• थायरॉइड ग्रंथीची मंदावलेली क्रिया किंवा इतर संप्रेरकांतील बिघाड
• स्तनांतील ग्रंथिऊतींची अपुरी वाढ
• स्तनांवर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया
• इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या, सर्दीवरील स्यूडोएफेड्रिनयुक्त औषधे आणि प्रोलॅक्टिन कमी करणारी औषधे
• धूम्रपान

बाळाच्या बाजूने जिभेखालचा आखूड पट्टा, दुभंगलेली टाळू किंवा अपुऱ्या दिवसांमुळे आलेला अशक्तपणा यांमुळे दूध नीट ओढले जात नाही आणि त्याचा परिणाम पुरवठ्यावर होतो.

बाळ अतिशय सुस्त असणे, प्यायला न उठणे, लघवी कमी किंवा गडद होणे, कावीळ वाढणे, जन्मवजन दोन आठवड्यांतही न गाठणे, यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास तातडीने डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. अशा बाळाला पूरक दूध देणे हा उपचाराचा भाग आहे आणि त्यात मातेचे अपयश नाही. पूरक दूध देताना पहिली पसंती मातेच्याच काढलेल्या दुधाला, त्यानंतर दुग्धपेढीतील दूध आणि मग डॉक्टरांनी सुचवलेले पावडरचे दूध, असा क्रम असतो. त्याच वेळी मातेने नियमितपणे दूध काढत राहिल्यास पुरवठा वाढण्याची संधी राहते. डोम्पेरिडोनसारखी औषधे काही वेळा दूध वाढवण्यासाठी दिली जातात. त्यांचे हृदयाच्या लयीवर दुष्परिणाम संभवत असल्याने ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. पूर्ण पुरवठा शक्य नसला, तरी जितके दूध येते तितके पाजणे उपयुक्त असते.

आहार आणि पारंपरिक पदार्थ

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार स्तनदा मातेला पहिल्या सहा महिन्यांत दररोज सुमारे ६०० आणि पुढील सहा महिन्यांत सुमारे ५२० अतिरिक्त किलोकॅलरींची गरज असते. साधारण कुपोषणातही दुधाचे प्रमाण फारसे घटत नाही. मात्र मातेच्या शरीरातील साठे खर्च होतात आणि काही जीवनसत्त्वांचे दुधातील प्रमाण कमी होते. त्यामुळे पोटभर आहार हा प्रथम मातेच्या आरोग्यासाठी आवश्यक आहे. पाणी तहानेनुसार प्यावे. गरजेपेक्षा अधिक पाणी प्यायल्याने दूध वाढत नाही. त्याचप्रमाणे बाळंतिणीला पाणी कमी देण्याची जुनी प्रथाही योग्य नाही.

महाराष्ट्रात बाळंतिणीला डिंकाचे व मेथीचे लाडू, अळिवाची खीर, खसखस, खारीक-खोबरे, लसूण घातलेल्या भाज्या, शेपू, बाजरीची भाकरी व तूप देण्याची परंपरा आहे. जेवणानंतर बाळंतशेपा व ओवा चघळण्यास देतात. शतावरीचा कल्पही दुधासाठी घेतला जातो. मेथी व शतावरी यांवर काही अभ्यास झाले असले, तरी दूध वाढवण्याबाबतचा पुरावा अद्याप मर्यादित आहे. अळीव लोहाने आणि हे लाडू ऊर्जेने समृद्ध असल्याने आहार म्हणून त्यांचे महत्त्व आहेच. परंतु बाळ नीट पीत नसेल, तर केवळ लाडवांनी पुरवठा टिकत नाही. सव्वा महिन्याची विश्रांती व माहेरचा आधार हा या परंपरेतील कदाचित सर्वांत उपकारक भाग होय. दुसरीकडे, नवजात बाळाला मध चाटवणे, साखरेचे पाणी किंवा बाळगुटी देणे यांमुळे पाजण्याच्या वेळा कमी होतात व संसर्गाचा धोका वाढतो. मधातून होणारी बोट्युलिझम ही विषबाधा एका वर्षाखालील बाळांना घातक ठरू शकते.

नोकरी आणि दूध साठवणे

कामावर जाणाऱ्या मातेने बाळ ज्या वेळी प्यायले असते, साधारण त्याच वेळी म्हणजे दर तीन तासांनी दूध काढल्यास पुरवठा टिकतो. कामावर जाण्यापूर्वी, परतल्यावर आणि रात्री अंगावर पाजणे चालू ठेवावे. हाताने काढताना अंगठा व बोटे काळसर वलयाच्या कडेला ठेवून आधी छातीच्या दिशेने व मग एकमेकांकडे दाबावीत. स्तनाग्र ओढू नये.

काढलेले दूध स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चार तास आणि शीतकपाटाच्या आतील भागात चार दिवस टिकते. गोठवलेले दूध सहा महिन्यांच्या आत वापरणे उत्तम. उन्हाळ्यात खोलीचे तापमान यापेक्षा बरेच जास्त असल्याने दूध लगेच थंड जागी ठेवावे. गोठवलेले दूध एकदा वितळल्यावर पुन्हा गोठवू नये. दूध गॅसवर उकळू नये किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. भांडे कोमट पाण्यात ठेवावे.

भारतात १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत मातेला कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन सुट्या घेण्याचा हक्क दिला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सवेतन रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. या तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही समाविष्ट करण्यात आल्या. शेतमजुरी, घरकाम, ऊसतोडणी यांसारख्या असंघटित क्षेत्रांतील मातांना मात्र अशी रजा क्वचितच मिळते आणि बाळापासून दिवसभर दूर राहावे लागल्याने त्यांचा पुरवठा लवकर घटतो.

सार्वजनिक उपक्रम

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मातेच्या दुधाच्या पर्यायांच्या विपणनाविषयी आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. भारतात १९९२ मध्ये याविषयीचा कायदा झाला व २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. त्यानुसार दोन वर्षांखालील बाळांसाठीच्या दुधाच्या पर्यायांची जाहिरात करण्यास मनाई आहे. १९९२ पासून १ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो.

मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका सर्वसाधारण रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मानवी दुग्धपेढी सुरू झाली. ती आशियातील पहिली दुग्धपेढी मानली जाते. दात्या मातांचे दूध तपासून व निर्जंतुक करून ते मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिले जाते.

२०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने स्तनपानाच्या प्रोत्साहनासाठी ‘मा’ हा कार्यक्रम सुरू केला. नवजात शिशूंच्या गृहभेटींच्या योजनेत आशा कार्यकर्ती रुग्णालयातील प्रसूतीनंतर ४२ दिवसांत सहा भेटी देते. बाळाचे वजन करणे व मातेला पाजण्याबाबत मार्गदर्शन करणे हा या भेटींचा भाग असतो. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतात सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बाळे केवळ मातेच्या दुधावर असल्याचे आढळले. जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू झालेल्या बाळांचे प्रमाण मात्र ४१.८ टक्केच होते. पुरवठ्याचा पाया पहिल्याच दिवसांत घातला जात असल्याने प्रसूतिगृहात आणि घरी परतल्यावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मिळणारी मदत विशेष मोलाची ठरते.